खारघरहून कळव्याला

प्रश्न : मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. समाजातर्फे तिला इंटर्नशिप, सेवाकार्य असे काही मिळेल का?
– एक आई, खारघर

उत्तर : आधी कागद. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तेव्हा आडनावातला ‘कर’ पाहून एखाद्या कारकुनाने मुलीच्या दाखल्यावर सवयीने ‘हिंदू’ तर लिहिले नाही ना, हे तपासावे.

सेवेसाठी परदेश कशाला? गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही संस्था २०१२ पासून कळव्याच्या वस्तीतल्या मुलांचे शिक्षण आणि जेवण पाहते. जगभरचे ज्यू तरुण तिथे स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांना दुभाषा लागतो. खारघरची मुलगी मात्र मुलांशी थेट मराठीत बोलेल. ट्रान्स-हार्बरने ठाणे, पुढचेच स्टेशन कळवा.

इस्राएललाच जायचे असेल, तर ज्यू तरुणांसाठीच्या ‘तागलित’ उपक्रमाची तिथली दहा दिवसांची मोफत सहल १८ ते २६ वयोगटासाठी असते. ती सहलच, नोकरी नव्हे. महिनोन् महिन्यांची इंटर्नशिप हवी असेल तर ‘मासा’ या संस्थेचे इस्राएलमधले कार्यक्रम पाहावेत.

समाजातल्या ओळखींसाठी जवळच पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ पासून उभे आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, लिहायचे नसते, म्हणून तिथे फॉर्म काढून बसू नये. चौकशीपुरत्या ओळखी मात्र त्याच दिवशी होतात.