जड पाणी मऊ करा, पण प्यायचे नव्हे

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, तोट्यांवर पांढरा थर चढतो, गिझरची कॉइल लवकर जाते आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी तूरडाळ गाळ होत नाही. अशा घरांत हल्ली आधी सॉफ्टनरची चौकशी होते. त्या यंत्राला माझा विरोध नाही, पण ते कोणत्या नळाला जोडायचे हा आरोग्याचा प्रश्न आहे. न्हाणीघर, वॉशिंग मशीन, गिझर यांना खुशाल जोडा. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याचा नळ मात्र त्यातून वगळा.

कारण यंत्राच्या कामातच आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. त्यातून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरते, तोच जडपणा. सॉफ्टनरच्या टाकीतले रेझिनचे मणी हे दोन्ही धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे केले जातात. म्हणजे पाण्यातले क्षार जात नाहीत, बदलतात. जडपणा लिटरमागे १०० मिलिग्रॅमने उतरवला की सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ५०० जडपणाचे पाणी पूर्ण मऊ करून दिवसाला तीन लिटर प्यायले, तर जवळपास ७०० मिलिग्रॅम सोडियम पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला २,००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम घ्या म्हणते. लोणचे, पापड, चटणी आणि फरसाण यांतून आपण ती मर्यादा आधीच ओलांडतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि पावडरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला हा जादा बोजा नको. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरायचा सल्ला कोणी दिला, तर मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तोही मानू नये. रक्तातले पोटॅशियम वाढणे जिवावर बेतू शकते.

‘पण जड पाण्याने मुतखडा होतो ना?’ हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक घरात असतो. तोटीवरचा थर पाहिला की तसाच थर पोटात साचत असणार असे वाटणे स्वाभाविक आहे, पण शरीर तसे चालत नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेते. १९९३ साली अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. आहारात कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांत खडे कमी आढळले, जास्त नव्हे. उलट, १९९६च्या इटलीतल्या अभ्यासात एकदा खडा झालेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्या गटात पाच वर्षांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. पाणी जड आहे म्हणून कमी पिणे, हा खरा धोका आहे. उन्हात राबणाऱ्यांनी तर हे मनावर घ्यावेच. वारंवार खडे होणाऱ्यांनी खड्याची तपासणी करून आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

त्वचेचे काय? जड पाण्यात साबणाचा चिकट साका अंगावर राहतो, त्वचा कोरडी पडते, हे खरे. पण इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर सॉफ्टनरची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले: नेहमीच्या उपचारांपेक्षा बारा आठवड्यांत वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा इसबासाठी यंत्रावर पैसे घालू नका. साबण कमी करा आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा.

स्वयंपाकासाठी साधा उपाय पुरतो. बऱ्याच विहिरींतला जडपणा बायकार्बोनेटचा असतो. पाणी उकळून रात्रभर ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो. वरचे निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या, त्यात डाळ शिजते. कपड्यांसाठी ४०० जडपणाच्या वीस लिटर पाण्याला आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे धुण्याचा सोडा पुरतो. तो पोटात जाऊ देऊ नका. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा नाही. पाइपला बांधायच्या चुंबकांचा विश्वासार्ह पुरावा नाही. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट निराळी: तिथले पाणी खारट आहे आणि सॉफ्टनरने खारेपणा जात नाही. तिथे आरओ योग्य, एरवी तो बरेच पाणी वाया घालवतो.

भारतीय मानकानुसार जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालतो. पण यंत्र घेण्याआधी पाणी जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि तपासणीत जडपणाबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतूही मागा. सॉफ्टनर यांतले काहीच काढत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट कमी होत नाही, उलट दाट होते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर निघाले, तर ते पाणी बाळाच्या दुधासाठी वापरू नका.