डोंगरी सायकलीची निवड आणि टायरची रुंदी

जबलपूर शहराभोवतालची भूमी एकजिनसी नाही. शहराच्या कुशीतच मदनमहालची टेकडी असून तिच्यावर ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे कोणी एकमेकांवर रचून ठेवावेत तसे उभे आहेत. पलीकडे भेडाघाटास नर्मदेने संगमरवराचे कडे कापले आहेत. पश्चिमेस पाटण आणि शहापुरा यांच्या दिशेने काळ्या मातीचा सपाट प्रदेश पसरला आहे, तर डुमनाकडे झुडपी जंगलातून जाणाऱ्या पायवाटा आहेत. या सर्वांना जोडणाऱ्या डांबरी सडका आहेतच. एवढ्या विविध भूमीवर एकच सायकल सारख्याच सुखाने चालेल काय, हा प्रश्न डोंगरी सायकल, म्हणजे ज्यास बाजारात माउंटन बाइक म्हणतात ते वाहन, विकत घेऊ इच्छिणाऱ्यापुढे उभा राहतो. दुकानात त्याचे लक्ष रंगाकडे, गियरांच्या संख्येकडे आणि पुढील चिमट्यातील स्प्रिंगांकडे वेधले जाते. टायरकडे तो सहसा सर्वांत शेवटी पाहतो. आणि पाहिलेच तर जितका जाड तितका मजबूत, असा समज करून घेतो. हा समज पुरता खोटा नसला तरी अपुरा आहे.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी टायरमुळे झाला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत श्विन या कारखान्याने १९३३ साली रुंद, फुगीर टायरांच्या सायकली बाजारात आणल्या. त्या टायरची रुंदी सव्वादोन इंचांहून किंचित कमी होती. पुढे या सायकली जुन्या झाल्या, अडगळीत पडल्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातल्या काही तरुणांनी त्या बाहेर काढल्या आणि टामालपाय पर्वताच्या परिसरातील कच्च्या उतारांवरून त्या पिटाळण्यास आरंभ केला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली. उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक तापून आतील वंगण जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीस ‘रिपॅक’ हे नाव मिळाले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवा सांगाडा घडविला. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी टॉम रिची याने बनविलेले सांगाडे विकण्याचा व्यवसाय सुरू केला, आणि १९८१ मध्ये ‘स्टंपजंपर’ ही सायकल मोठ्या प्रमाणावर विक्रीस आली. सांगाडा, गियर, ब्रेक यांत त्यानंतर पुष्कळ पालट झाले. परंतु पहिल्या दिवसापासून जी गोष्ट टिकून राहिली ती म्हणजे रुंद टायर.

रुंद टायर नेमके काय करतो? चालकाचे वजन ६५ किलो व सायकलीचे १५ किलो धरले तर एकूण भार ८० किलो होतो. त्यापैकी सुमारे साठ टक्के, म्हणजे ४८ किलो, मागच्या चाकावर पडतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो असेल तर हा भार पेलण्यास टायरचा सुमारे १२ चौरस सेंटीमीटर भाग जमिनीस टेकावा लागतो. दाब २ किलोवर आणला तर हाच भाग २४ चौरस सेंटीमीटर होतो. यावरून असे दिसून येईल की जमिनीशी होणाऱ्या स्पर्शाचे क्षेत्रफळ मुख्यतः हवेच्या दाबावर ठरते, टायरच्या रुंदीवर नव्हे. रुंदीने बदलतो तो त्या स्पर्शाचा आकार: अरुंद टायरचा ठसा लांबट व निरुंद उमटतो, रुंद टायरचा आखूड व आडवा.

मग रुंदीचा उपयोग कोणता? उपयोग असा की रुंद टायरमध्ये कमी हवा ठेवता येते. अरुंद टायरमधील हवा कमी केली तर पहिल्याच दगडावर टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूब दोहोंच्या मध्ये चिमटली जाते आणि सर्पदंशासारखी शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. रुंद टायर उंचही असतो, त्यामुळे दगड रिमपर्यंत पोहोचण्याआधी त्याला दबण्यास वाव मिळतो. थोडक्यात, रुंदी ही कमी दाबाची परवानगी आहे. ज्याने सव्वादोन इंची टायर घेतला आणि दुकानदाराने भरून दिलेली दगडासारखी घट्ट हवा तशीच ठेवली, त्याने रुंदीची किंमत मोजली, वजन वाहिले, आणि लाभ मात्र घेतलाच नाही. मऊ जमिनीवर टायर रुतू नये म्हणून त्यातील हवा कमी करावी, ही गोष्ट लष्करी वाहनांच्या चालकांना नवी नाही. आणि जबलपूर तर अशा वाहनांचेच गाव. १९६९ साली येथे वाहन कारखाना उभा राहिला, आणि सेनेच्या ‘जोंगा’ गाडीच्या नावातील पहिले अक्षर याच शहराचे.

रुंद टायर जड चालतो, असेही सर्रास म्हटले जाते. यात तथ्य किती आहे? चाक फिरताना टायरचा जमिनीस टेकलेला भाग सतत दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्यात खर्च झालेली शक्ती पूर्णपणे परत मिळत नाही. दाब समान असेल तर आखूड ठशाचा रुंद टायर उलट कमी दबतो, म्हणून कमी शक्ती खातो. खडबडीत वाटेवर तर घट्ट, अरुंद टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकलीस आणि चालकास वर उचलतो. ती शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. जड चालण्याचे खरे कारण दुसरीकडे आहे. एक तर रुंद टायरचे वजन अधिक, आणि तेही चाकाच्या परिघावर. परिघावरील एक किलोला वेग देण्यास सांगाड्यावरील एक किलोच्या जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. दुसरे म्हणजे त्याची नक्षी. उंच, सुटे ठोकळे असलेला टायर डांबरावर चालताना प्रत्येक ठोकळा वाकतो, घरघर आवाज करतो आणि लवकर झिजतो. ओल्या डांबरावर ठोकळ्यांची पकड अधिक असते हा समजही बरोबर नाही. मोटारीचा टायर पाण्यावर तरंगून घसरू शकतो. सायकलीच्या नेहमीच्या वेगात तसे घडत नाही, म्हणून डांबरावर सपाट टायरच अधिक विश्वासाचा ठरतो. पावसाळ्यात वळणावर पडून हात मोडून घेण्यापेक्षा हे आधीच समजून घेणे बरे.

आता जबलपूरच्या भूमीकडे वळू. गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया यांसारख्या कारखान्यांच्या पाळ्या सुटत तेव्हा एके काळी रस्ते सायकलींनी भरून जात. त्या सायकली २८ × १ १/२ या मापाच्या चाकांच्या, काळ्या, सरळसोट असत, आणि डांबरी व मुरमाड रस्त्यासाठी ती निवड शहाणपणाची होती. आजही ज्याचे सहा दिवस डांबरावर जातात त्याने डोंगरी सायकल घेतली तरी टायर दीड ते पावणेदोन इंचांचा, मध्यभागी सपाट असा घ्यावा व हवा ४५ ते ५५ पौंड ठेवावी. ज्याला आठवड्यातून एकदोनदा भेडाघाटकडील कच्च्या वाटा किंवा डुमनाचे जंगल गाठायचे आहे, त्यास १.९५ ते २.१ इंच रुंदीचा, मध्ये दाट व बुटकी नक्षी आणि कडेला ठोकळे असलेला टायर पुरेसा होतो. हवा ३५ ते ४० पौंड. मदनमहालसारख्या खडकाळ जागेचा प्रश्न निराळा आहे. ग्रॅनाइट झिजून त्याची जाडीभरडी वाळू होते आणि ती गुळगुळीत खडकावर पसरली की चाकाखाली मोहऱ्या सांडल्यासारखी वागते. तेथे २.२ ते २.४ इंचांचा टायर व २५ ते ३० पौंड हवा हवी. ही मापे मध्यम वजनाच्या चालकासाठी आहेत. वजनदार चालकाने ती थोडी वाढवावीत. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोनतीन पौंड अधिक ठेवणे केव्हाही हितकारक असते. टायरच्या कडेवर छापलेली दाबाची मर्यादा मात्र कधीच ओलांडू नये. वैशाखात तर अधिकच जपावे: पंचवीस अंशांवर भरलेली ४५ पौंड हवा पंचेचाळीस अंशांवर सुमारे चार पौंडांनी वाढते.

काळ्या मातीने मात्र रुंदीच्या या साऱ्या हिशेबाला छेद दिला आहे. जबलपूर-नरसिंहपूर भागात ‘हवेली’ नावाची जुनी शेतीपद्धती आहे. शेताभोवती बांध घालून पावसाचे पाणी आश्विनापर्यंत साठवून ठेवतात, मग ते सोडून देऊन गहू-हरभरा पेरतात. त्या बांधांवरून व त्यांच्या कडेच्या गाडीवाटांवरून पावसाळ्यात सायकल नेणे म्हणजे चिखलाशी झुंज. ही माती टायरला चिकटते, मातीला माती चिकटते, आणि चार-सहा फेऱ्यांत चिमट्यात किंवा मडगार्डखाली गच्च बसून चाक थांबते. येथे रुंद टायर अधिक माती गोळा करतो आणि तिला बाहेर पडण्यास जागा कमी ठेवतो. त्यापेक्षा १.९ इंचांच्या आतबाहेरचा, विरळ व उंच ठोकळ्यांचा टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरास भिडतो आणि माती झटकूनही टाकतो. तरीही सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर कोणताच टायर उपयोगी पडत नाही. गावकरी अशा वेळी सायकल खांद्यावर घेतात, आणि त्यांचेच बरोबर आहे.

चिखलाचा हा अनुभव खरेदीच्या वेळी एका साध्या तपासणीने टाळता येतो. टायर आणि सांगाडा यांमध्ये दोन्ही बाजूंस व वर हाताची करंगळी सहज फिरेल एवढी मोकळी जागा असावी. नसेल, तर पुढे कधी रुंद टायर बसविण्याची आशाही सोडावी. रिमचीही मर्यादा असतेच. टायर रिमच्या आतील रुंदीच्या साधारणपणे दीडपट ते सव्वादोनपट असावा. अरुंद रिमवर फार रुंद टायर बसविल्यास तो वळणावर कडेला लोळतो.

मापांच्या बाबतीत ग्राहकाची फसगत होण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, आणि येथे दोष त्याचा नाही. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ ही दोन मापे गणिताने एकच. पण पहिल्या टायरची कडा रिमवर ५५९ मिलिमीटर व्यासावर बसते, दुसऱ्याची ५७१ वर. एकाच्या जागी दुसरा कदापि बसत नाही. २६ × १ १/२ चा व्यास तर ५८४ आहे, आणि गंमत अशी की अलीकडे साडेसत्तावीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या डोंगरी चाकाचाही तोच. म्हणून इंचांवर विसंबू नये. टायरच्या कडेला ५०-५५९ अशासारखी जोडसंख्या छापलेली असते: पहिली संख्या रुंदीची, दुसरी व्यासाची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २९ इंची चाकाचा व्यास ६२२ असतो. असे मोठे चाक दगडधोंड्यांवरून अधिक सहज जाते हे खरे. तरी बाहेरगावी टायर फाटला असता आडगावच्या दुकानात तो मिळेल काय, हे आधी विचारून ठेवावे.

सांगाड्याबाबत एवढेच पाहावे की दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यावर आडव्या दांडीच्या वर चार बोटांहून कमी जागा राहू नये. गियरांची एकूण संख्या महत्त्वाची नाही. सर्वांत हलक्या गियरमध्ये पॅडलच्या एका फेरीत मागचे चाकही सुमारे एकच फेरी घेते की नाही, ते मात्र मोजून पाहावे. स्वस्त सायकलींतील स्प्रिंगांचे चिमटे वजन वाढवितात आणि चढावर उभे राहून पॅडल मारताना चालकाचीच शक्ती गिळतात. त्याच पैशात ताठ चिमट्याची सायकल, बरे टायर, हवेचा दाब दाखविणारा पंप आणि दोन जादा ट्यूबा येऊ शकतात. बाभळीचे काटे आणि सराटे यांना टायरच्या रुंदीची पर्वा नसते. त्यांना अडविते ती नक्षीखालील रबराची जाडी, आणि ती टायर बसविण्यापूर्वी दोन बोटांत दाबून अजमावता येते.