घरपट्टीचे बिल वाचायला शिका

लाखांदुरात पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. त्यामुळे घरपट्टीला 1965 चा नगरपरिषद अधिनियम लागू पडतो. त्याचा हिशेब आपण समजून घेऊ.

भाडेमूल्य पद्धतीत घराला वाजवी भाडे किती येईल, ते आधी ठरते. समजा महिना 500, म्हणजे वर्षाचे 6,000 रुपये. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा जाता 5,400 उरतात. हे करयोग्य मूल्य. ठरलेल्या दराने कर यावरच बसतो.

पुढे दुकान, मागे बिऱ्हाड अशी आपल्या पुष्कळ कारागीर बांधवांची घरे. रोजगार हमी कर फक्त अनिवासी भागावर असतो. म्हणून नोंदीत दोन्ही भाग वेगळे आहेत का, ते पाहा. सगळे घर दुकान म्हणून चढले असेल, तर आकारणीच्या नोटिशीतील मुदतीत लेखी हरकत द्या व पोच घ्या. थकबाकी मात्र ठेवू नका. तिच्यावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते.

शेवटी एक गोष्ट. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. वडिलांच्या इंतकालानंतर एकट्या भावाच्या नावे बिल आले, म्हणून बहिणींचा शरई हिस्सा संपत नाही. सर्व वारसांची नावे वेळेवर चढवा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.