जानुसमीप मेदोज ग्रंथी : शस्त्रकर्मापूर्वीचा विचार

मेदोज ग्रंथी हा नित्य व्यवहारातील व्याधी. वेदना नाही, ज्वर नाही. म्हणून रुग्ण दुर्लक्ष करतो आणि वैद्यही. ग्रंथी जानुसंधीजवळ असता हे दुर्लक्ष महागात पडते. रावेर येथील आमच्या चिकित्सालयातील एका रुग्णाच्या अनुभवावरून हा विषय मांडत आहोत.

रुग्णवृत्त : केळीच्या बागेत घड वाहणारा ४८ वर्षांचा पुरुष. उजव्या गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, किंचित खाली, लिंबाएवढी गाठ. मृदू, स्निग्ध, चल, वेदनारहित. आम्ही तीन महिने कांचनार गुग्गुळू दिला. गाठीचे माप मात्र लिहून ठेवले नाही, ही आमची चूक. 'कमी वाटते' असे रुग्ण म्हणाला, ते आम्ही मान्य केले. चौथ्या महिन्यात पावलाच्या वरच्या भागास मुंग्या येऊ लागल्या. तेव्हा गाठ मोजली. ती ६ सेंटिमीटर भरली.

रुग्णास तत्काळ जळगावी पाठविले. एमआरआयमध्ये सर्वत्र एकसारखा मेद दिसला. पेरोनियल नर्व्ह गाठीमुळे बाजूस सरकली होती. शल्यतज्ज्ञांनी प्रथम नर्व्ह मोकळी केली व नंतर गाठ आवरणासह काढली. हिस्टोपॅथॉलॉजीचा अहवाल लायपोमा असा आला. पाऊल उचलण्याची शक्ती अबाधित राहिली. मुंग्या हळूहळू शमल्या.

शास्त्राधार : सुश्रुतांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात मेदोज ग्रंथीचे वर्णन केले असून चिकित्सा १८ व्या अध्यायात सांगितली आहे. औषधाने न शमणारी, अपक्व ग्रंथी विदारण करून काढावी. मात्र ती मर्मस्थानी नसावी, अशी अट आहे. अर्बुदाचा शेष राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, असाही इशारा आहे. जानु हे वैकल्यकर संधिमर्म. त्याच्या आघाताने खंजता येते. जानूच्या वर तीन अंगुळांवर आणि मर्म आहे.

विमर्श : पेरोनियल नर्व्ह फिब्युलाच्या मानेस वळसा घालून त्वचेच्या अगदी निकट जाते. तिला इजा झाल्यास पाऊल लोंबते व रुग्ण लंगडतो. गुडघ्यामागील प्रत्येक फुगवटा ग्रंथी नसतो. तो बेकर्स सिस्ट किंवा धमनीचा फुगाही असू शकतो. मृदू ऊतींचा कर्करोगही आरंभी वेदनारहित असतो. तो साधी गाठ समजून कापल्यास पुढील शस्त्रकर्म अधिक मोठे करावे लागते.

केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या २०२० च्या अधिसूचनेत लायपोमासारख्या साध्या अर्बुदांचे छेदन समाविष्ट आहे. परंतु ते शल्यतंत्राच्या पदव्युत्तरांसाठी. पदवीधर वैद्यांनी ही मुभा आपली मानू नये.

व्यवहारात पुढील नियम पाळावेत :

१. पहिल्याच दिवशी गाठीची लांबी-रुंदी मोजून दिनांकासह लिहावी. दरमहा पुन्हा मोजावी.
२. गाठीवर स्पंदन आहे काय, हे हात ठेवून पाहावे.
३. पाऊल व अंगठा वर उचलता येतो काय, स्पर्शज्ञान आहे काय, हे तपासावे.
४. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, वाढणारी, खोल, वेदनायुक्त वा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावी. सुई वा शस्त्र लावू नये.
५. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीस पाठवावी.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती, की गाठीसाठी कोणी स्वतःहून कांचनार गुग्गुळू वा क्षाराचा लेप मागितल्यास त्यास आधी वैद्याकडे पाठवावे. आमचे तीन महिने निभावले, ते केवळ गाठ साधी होती म्हणून.