उंची वाढली की बाळसं उतरेल?

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा, चांगलाच गुबगुबीत. घरचे म्हणतात, उंची वाढली की बाळसं उतरेल. खरं का? – एक आजी, वरकुटे (ता. इंदापूर)

उत्तर : आजी, दर वेळी नाही. चरबीच्या पेशींची संख्या लहानपणी आणि वयात येताना वाढते. मोठेपणी वजन घटलं तरी पेशी रोडावतात, संख्या फारशी घटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांना ग्रामीण पुण्यातली नवजात बाळं वजनाला कमी, पण चरबी राखून असलेली आढळली. म्हणजे नुसत्या काट्यावर विसंबू नये.

त्याला उपाशी मात्र ठेवू नका. बिस्किटपुडे, थंड पेयं बंद. भाकरी-उसळ आणि रोज तासभर हुंदडणं. वजन तेवढंच राहून उंची वाढली तरी पुरे. मानेची कातडी काळी, जाडसर झाली किंवा तो झोपेत घोरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.