सीमेवरील झेल

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर मुलांनी डाव मांडला की प्रत्येकास फलंदाजी हवी असते. दूर सीमारेषेपाशी उभे राहण्यास कोणी राजी नसतो. तेथे चेंडू क्वचितच फिरकतो, हे खरे. पण तो येतो तेव्हा कसा येतो, ते पाहा.

२५ जून १९८३. लॉर्ड्सच्या मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताच्या धावा अवघ्या १८३, आणि वेस्ट इंडीजचे रिचर्ड्स बेफाम फटके मारीत होते. मदनलाल यांच्या चेंडूवर त्यांनी उंच टोला हाणला. कर्णधार कपिलदेव सीमेच्या दिशेने धावत सुटले. नजर मात्र मागे, चेंडूवर. खांद्यावरून उतरणारा तो चेंडू त्यांनी अलगद झेलला. भारत ४३ धावांनी जिंकला.

दुसरा झेल याहूनही अवघड म्हणावा लागेल. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस बेटावर वीस षटकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेस ६ चेंडूंत १६ धावा हव्या होत्या. हार्दिक पंड्या यांचा पहिलाच चेंडू मिलर यांनी उंच टोलवला. मुंबईचे सूर्यकुमार यादव धावत आले. चेंडू हाती लागला, पण धावण्याचा वेग आवरेना. चेंडूसह सीमारेषेपलीकडे पाऊल पडते, तर षटकार! त्यांनी चेंडू वर उडवला, सीमेबाहेर पाऊल टाकले आणि आत परतून तोच चेंडू पुन्हा झेलला! पंचांनी चित्रफीत तपासून मिलर यांना बाद ठरवले. भारत ७ धावांनी जिंकला. तो षटकार ठरता, तर ५ चेंडूंत १० धावाच उरल्या असत्या.