नाशिकची वाइन सहल परतीकडून आखावी

सुरतजवळच्या इच्छापोरहून नाशिकच्या वाइनरी पाहायला बस ठरते तेव्हा चर्चा होते ती कोणती वाइनरी, माणशी किती आणि जेवण कुठे याची. माझं म्हणणं असं की, या सहलीचं वेळापत्रक वाइनरीपासून नव्हे, तर परतीच्या सापुतारा घाटापासून आणि तिथल्या राज्यसीमेपासून उलटं मोजत आखावं. हजिरा पट्ट्यातल्या कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी कुटुंबांना रविवार एकच मिळतो, म्हणून पहाटे निघून मध्यरात्री परतायचा बेत सोयीचा वाटतो. पण चिखली-वांसदा-सापुतारा-वणी-दिंडोरी या मार्गाने जाणं-येणं पाचशे किलोमीटरच्या घरात जातं, म्हणजे बसचे बारा-एक तास रस्त्यावरच जातात. परतीचा घाट अंधारात येतो आणि तेव्हा ड्रायव्हर पहाटेपासून चाकावर असतो. जुलै 2024 मध्ये सुरतच्या पर्यटकांची बस याच घाटात दरीत गेली आणि दोन मुलं दगावली. फेब्रुवारी 2025 मध्ये पहाटेच्या वेळी यात्रेकरूंची बस तिथेच कोसळून पाच जण गेले. त्या अपघातांचा वाइनशी काही संबंध नव्हता, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवायचे. घाट न पिणाऱ्यालाही सोडत नाही.

आता वाइनचा हिशेब. टेस्टिंगचा एक घोट तीस-चाळीस मिलीचा आणि एका ठिकाणी पाच प्रकार धरले, तर तीन वाइनरींत साडेचारशे ते सहाशे मिली होतात, पाऊण बाटलीच्या आगेमागे. बारा-तेरा टक्के अल्कोहोलची एवढी वाइन कमी वजनाच्या माणसाच्या रक्तात शंभर मिलीमागे शंभर मिलिग्रॅमच्या पुढे सहज नेऊ शकते, आणि शरीर ते तासाला साधारण पंधराच्या गतीने उतरवतं. दुपारी उशिरा शेवटचा पेला ठेवून निघालेली बस सापुताऱ्याला पोचते तेव्हा हिशेब पुरा झालेला नसतो. गुजरातच्या दारूबंदी कायद्यात रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल सापडलं, की आपण कायदा मोडून प्यायलो नाही हे दाखवायची जबाबदारी पिणाऱ्यावरच येते. ‘आम्ही महाराष्ट्रात प्यायलो, तिथे ते चालतं’ हा युक्तिवाद न्यायालयात मांडता येईल. रात्री नाक्यावर, मागे चाळीस माणसं खोळंबलेली असताना, तो कोण ऐकून घेणार? ड्रायव्हर प्यायलेला नाही, एवढ्याने बाकीचे सुटत नाहीत.

वाइन म्हणजे काही दारू नव्हे, असं म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला, तेव्हाही द्राक्ष उत्पादकाच्या नावाने हाच मुद्दा पुढे आला होता आणि त्यावर गदारोळ झाला होता. शेतकऱ्याच्या बाजूने तो मला पटतोही. पण 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा दोन्ही राज्यांना वारशात मिळाला. महाराष्ट्राने परवान्यांची वाट रुंद केली, गुजरातने ती अरुंदच ठेवली. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतली 2023 ची सवलत त्या आवारापुरती आहे. तेव्हा सर्वांत महागाची चूक म्हणजे आठवण म्हणून घेतलेली बाटली. एकेकाची एकच, सीलबंद, बिलासकट असली तरी चाळीस जणांची मिळून एका डिकीत तीस लिटर होते. 2017 च्या दुरुस्तीनंतर दारू आत आणण्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि वाहनही जप्त होऊ शकतं. बिल तिथे बचाव ठरत नाही, उलट खरेदीचा पुरावा ठरतं.

मग जाऊच नये का? जावं, पण मुक्काम करून. मुक्कामाचा खर्च हा खरा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्यावर माझं उत्तर इतकंच, की तीनऐवजी एकच वाइनरी घ्यावी. तिसऱ्या टेस्टिंगला शिराझ आणि कॅबर्ने यांतला फरक जिभेला कळेनासा होतो, त्यामुळे दोन ठिकाणचे पैसे वाचवून फारसं काही हुकत नाही. शिवाय गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यात जे बघायचं, ते दुपारी दिसत नाही. जानेवारी ते मार्चच्या हंगामात वाइनची द्राक्षं सकाळच्या गारव्यात हाताने खुडतात. मुक्कामी असलेल्यालाच बाग, काढणी आणि क्रशर एका रांगेत पाहता येतात. दुपारी पोचणाऱ्या बसला उरतो तो गंगापूर धरणाचा देखावा आणि सेल्फीची गर्दी.

तारीख ठरवताना प्रजासत्ताक दिनाची सुट्टी टाळा, त्या दिवशी ड्राय डे असतो. एकविसाखालच्या मुलांना महाराष्ट्रातही वाइन चालत नाही, तेव्हा त्यांचं टेस्टिंगचं तिकीट काढू नका. वणीची सप्तशृंगी वाटेवरच आहे आणि कुणीतरी दर्शनाचं सुचवणारच. गड जाताना करा, म्हणजे आजीला पेल्यांच्या गप्पा ऐकत पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. टेस्टिंग पहिल्या दिवशी दुपारी उरका आणि संध्याकाळी कुणी पेला धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फिरा, अकराच्या आत निघा, निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपापली बॅग उघडून पाहा, आणि झोप झालेल्या ड्रायव्हरला उजेडात घाट उतरू द्या.